घाटी. चौकशी इथे करावी

वसईला, आमच्या कामणच्या गोडाऊनमध्ये शिरलं की उजव्या हाताला एक टेबल होतं आणि त्या टेबलावर एक लाकडी पाटी होती. साहेबांच्या टेबलावर साहेबांचं नाव, अकाउंटवाल्यांच्या टेबलावर अकाउंटवाल्यांचं. या पाटीवर मात्र पिवळ्या रंगात, चांगल्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: ‘घाटी. चौकशी इथे करावी.’ नवीन आलेला टेम्पोवाला ती वाचून फिदीफिदी हसायचा. मग टेबलामागच्या माणसाकडे त्याची नजर जायची आणि तो गुपचूप मालाची बिल्टी पुढे करायचा.

पाटी मामांनी स्वतः रंगवून घेतली होती. मामा म्हणजे दत्ताचे मामा, म्हणून मग आम्हा सगळ्यांचेच मामा. माल कुठल्या गाडीत चढवायचा, आधी काय भरायचं, वर काय ठेवायचं, हे सगळं त्यांच्या हातात. मूळचे मंगळवेढ्याकडचे. गोडाऊनमधली आमच्या किनाऱ्यावरची पोरं त्यांच्या पाठीमागे ‘घाट्याला विचार’, ‘घाटी कुठंय’ असं बोलायची. मामांनी काही वर्षं ऐकून घेतलं. एके दिवशी माणिकपूरला पेंटरकडे गेले आणि पाटी घेऊनच आले.

“पाठीमागं म्हणताय ते म्होरं म्हणा की,” ते म्हणाले. “मला काय त्याची लाज न्हाई.”

साहेबांनी पाटी काढायला सांगितली. मामा म्हणाले, “काढतो की. पण मग तुमची बी काढा. तुमास्नी पाठीमागं काय म्हणत्यात ते मी रंगवून आणतो.” त्यानंतर साहेबांनी हा विषय परत काढला नाही.

घाटावरून आला तो घाटी, एवढाच खरं तर त्या शब्दाचा अर्थ. पण आमच्या किनाऱ्यावर तो ज्या तोंडाने उच्चारतात ते तोंड बघितलं की बाकीचे अर्थ आपोआप कळतात. मी राजोडीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. आमच्याकडे रेल्वेच्या रुळांपलीकडे राहणारा प्रत्येक जण घाटी. भडक साडी घाटी, तिखटजाळ कालवण घाटी, मोठ्याने बोलणं घाटी. आणि मोठ्याने बोलण्यात आमचा हात धरणारं कोणी नाही! तरी शब्द आमचा, त्यामुळे तो लावायचा कोणाला हे ठरवणारेही आम्हीच.

कामावरच्या पहिल्या दिवशी मामांनी माझं नाव विचारलं नाही. ते कोणालाच आधी नाव विचारत नसत. ड्रायव्हर असो, हमाल असो, तपासणीला आलेला अधिकारी असो, पहिला प्रश्न एकच, “गाव कंचं?”

“राजोडी,” मी म्हटलं.

“म्हंजी खारट.”

तेव्हापासून मी खारट झाले. “ए खारट, नाशिकच्या गाडीची बिल्टी झाली का?” “खारट, डबा उघडू नगंस हितं, माजी भाकरी बाटंल.” मला राग यायचा. मीही काही कमी नव्हते, मी म्हणायचे, “मामा, तुमच्या ठेच्याच्या वासाने माझे डोळे चुरचुरतात, त्याचं काय?” मग ते खूश व्हायचे. उलट उत्तर देणारं माणूस त्यांना आवडायचं. जी हुजूर करणाऱ्यांना ते आतल्या बाजूची गाडी भरायला पाठवायचे, पंख्यापासून लांब.

कारण खरं सांगायचं तर मामाही आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना काही कमी लेखत नव्हते. भात हे त्यांच्या मते आजाऱ्याचं जेवण. भात खाणारी माणसं दुपारी झोपतात, झोपणाऱ्यांची पोटं सुटतात आणि पोट सुटलेला माणूस गाडी काय भरणार? गाडी त्यांनीच भरून दाखवावी. खोकी ते कडब्याची गंज रचावी तशी रचत, मधला भाग उंच, कडा आत झुकलेल्या, आणि ताडपत्री अशी आवळत की मुसळधार पावसातून गेलेला माल सोलापूरला कोरडा उतरायचा. “ही आमच्याकडची रीत,” म्हणायचे. “तुमच्याकडं काय, जाळ्यात भरलं की झालं.”

पण मामांची खरी ख्याती होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. वसईत त्यांना वीसेक वर्षं झाली होती आणि त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

पाहिला नव्हता म्हणजे राहून गेला होता, असं नाही. ते बघत नव्हते. त्यांची खुर्ची पूर्वेकडे तोंड करून असायची, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे. “माजं तोंड घाटाकडं,” असं ते सांगायचे. माणिकपूरला बँकेच्या कामाला जायचे, पण तिथल्या रिक्षा स्टँडच्या पुढे पश्चिमेला एक पाऊल टाकायचे नाहीत. गोडाऊनची सहल राजोडीला आली तेव्हा आम्ही सगळे वाळूत पोचलो आणि मामा वॉचमनबरोबर गोडाऊनच्या गेटवर भाकरी खात बसले. पोरं मुद्दाम मोबाईलवर लाटांचे फोटो दाखवायला जायची. मामा शांतपणे मोबाईल घ्यायचे, टेबलावर पालथा ठेवायचे आणि कामाला लागायचे. एकदा तर ऑफिसातल्या कॅलेंडरवर नेमकं समुद्राचं चित्र आलं. मामांनी ते पान भिंतीकडे तोंड करून लावलं. तो अख्खा महिना आमच्या गोडाऊनमध्ये कोणालाच तारीख नीट सांगता येत नव्हती आणि अर्ध्या लोकांच्या रजांचा घोळ झाला.

यामागे काय होतं ते मला दत्ताने सांगितलं. मामा पहिल्यांदा वसईला आले तेव्हा नवीन लग्न झालेलं, खोली शोधत किनाऱ्याकडच्या एका गावात गेले. घरमालक ओटीवर बसला होता. त्याने गाव विचारलं, मामांनी सांगितलं. तो म्हणाला, आम्ही घाट्यांना खोली देत नाही. एवढ्यावर थांबला असता तरी मामा निघून गेले असते. पण तो समोरच्या समुद्राकडे बोट करून पुढे म्हणाला, “बघून घे, तुमच्याकडं एवढं पानी बघितलं नसशील.” मामी शेजारी उभ्या होत्या. मामांनी समुद्राकडे मान वळवली नाही. त्याला म्हणाले, “तुमी आधी माजा माळ बघाया या. मग मी तुमचं पाणी बघतो.”

तो माळ बघायला कोण जाणार होतं? कोणी गेलं नाही. मामांनीही समुद्र बघितला नाही. मामी वारल्या, तरी नाही.

आता दत्ताबद्दल सांगायला हवं. दत्ता मामांच्या बहिणीचा मुलगा, आमच्याच गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर मालाची नोंद करायचा. हा मामांसारखा मुळीच नव्हता. कमी बोलायचा, हळू हसायचा आणि मी आणलेला बोंबलाचा डबा मामांच्या नाकावर टिच्चून पुसून खायचा. आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, घरी थोडी आदळआपट होईल आणि मग सगळं शांत होईल.

बाबा म्हणाले, “मानूस कसाबी असूदे, आपला असूदे. घाट्याला पोरगी देनार नाय.”

मी म्हटलं, “मग मी लग्नच करणार नाही.”

“नको करूस. घरान काय जागा कमी हाय?”

माझे बाबा म्हणजे अर्ध्या गावाला बोटी कशा लावायच्या हे शिकवलेला माणूस. गुजरातच्या पाण्यापर्यंत जाऊन आलेले, वादळात बोट फुटूनही परत आलेले. त्यांच्याशी बोलून उपयोग नसतो, हटून बसावं लागतं. मी हटून बसले. घरात बोलणं बंद केलं, कामावर जायचं आणि येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचं. आई बिचारी माणिकपूरच्या बाजारात मासे विकून थकून यायची आणि आम्हा दोघांमध्ये निरोप्या व्हायची. शेवटी तीच वैतागली. “ए, एकदा बोलाव त्यांना,” बाबांना म्हणाली. “बघ, बोल, आनी मग नाय म्हन. न बघता नाय म्हनतोस, तो काय कुजका मासा हाय?” बाबा कसेबसे एका भेटीला तयार झाले. फक्त एका.

दत्ताचे वडील नव्हते. आई गावाकडे. बोलणी करायला मोठं माणूस एकच, मामा. आणि आमच्या घराची ओटी थेट समुद्रासमोर.

मामांनी ऐकून घेतलं. बराच वेळ सुतळीचा गुंडा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “भाच्याचं लगीन हाय. येतो. पण समुद्र बगणार न्हाई.”

आले तेव्हा पांढरा टॉवेल डोक्यावरून घेऊन पश्चिमेकडच्या बाजूला तोंडावर ओढला होता. रिक्षातून उतरले ते सरळ भिंत धरून ओटीवर चढले. आईने खास पाहुण्यांची खुर्ची मांडली होती. आमच्याकडे पाहुण्याला दर्यासमोर बसवतात, तो मान. मामांनी ती खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि घराकडे तोंड करून बसले.

बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मामांना कसं कळणार होतं? आमच्या घरात दर्याला पाठ दाखवून कोणी बसत नाही. लहान मूलसुद्धा नाही. ज्याच्यावर जगायचं आणि ज्याच्यात घरची माणसं गेली, त्याच्याकडे पाठ करायची नाही, ही आजोबांपासूनची रीत. गेल्या कित्येक वर्षांत ती मोडणारा हा पहिला माणूस होता आणि तो माझं लग्न ठरवायला आला होता.

“आमच्या घरान दर्याला पाठ दावून कोन बसत नाय,” बाबा म्हणाले.

“अस्सं? मग मी हुबा ऱ्हातो.” मामा उठले आणि आत उंबऱ्यापलीकडे, गणपतीच्या फोटोसमोर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. बाबा ओटीवर, मामा आत, मधे उंबरा. माझ्या लग्नाची बोलणी अशी सुरू झाली.

पोरगा काय करतो, कुठे राहणार, हे सगळं झालं. राहायचं होतं आम्हाला नायगावच्या छोट्या फ्लॅटमध्ये. त्याचा ना घाटाशी संबंध, ना किनाऱ्याशी. तरी बाबा शेवटी बोललेच. “गावाला जायला यायला लागेल ना पोरीला. तुमच्या घाटावर प्यायला पानी तरी हाय का? आमी पान्यावर जगलेली मानसं.”

दत्ताने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

मामा आतून म्हणाले, “तुमी माजा माळ बघाया या. मग मी तुमचं पाणी बघतो.”

“मी घाट चढून कदी गेलो नाय.”

“मी बी समुद्र बगितला न्हाई.”

ओटीवरची कोळंबी गार होत चाललेली, आई कपाळाला हात लावून बसलेली, दत्ता स्वतःच्या चपलांकडे बघत असलेला. आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “तुम्ही दोघं बसा आपापल्या जागी आयुष्यभर. मुलाचं घर बघायला मुलीकडचं कोणी तरी जावं लागतं ना? मी जाते. राहायचं मला आहे, बघायला मला डोळे आहेत. शनिवारच्या बसने मी एकटी मंगळवेढ्याला जाते.”

“एकटी?” बाबा म्हणाले.

“एकटी. आणि गावात सगळ्यांना सांगून जाते की माझा बाप घाटाला घाबरतो.”

आतून मामांचा हसण्याचा आवाज आला. बाबांनी तो ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला स्वेटर शोधून ठेवायला सांगितलं.

बाबा, मी, दत्ता आणि मामा, आम्ही गेलो ते थंडीचे दिवस होते. खंडाळ्याच्या घाटात बाबा समोरची सीट दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू लाटा न कळणाऱ्या माणसाच्या हाती बोट दिली होती. मंगळवेढ्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली. ती संपेचना. काळी सपाट जमीन आणि माणसाच्या डोक्यावर जाणारी भरली कणसं. बाबांनी काच खाली केली आणि गाव येईपर्यंत ती वर केली नाही.

दत्ताच्या आईने दारातच पाय धुवायला पाणी दिलं आणि मग प्यायला तांब्या पुढे केला. बाबांनी तोंडाला लावला. अर्धा प्यायले आणि थांबले. आमच्या राजोडीच्या विहिरी गेल्या काही वर्षांत मचूळ झाल्या आहेत. आजोबा ज्या विहिरीचं पाणी पीत, तिच्या पाण्यात आता डाळ शिजत नाही. आम्ही विकतचे बाटले आणतो, टँकरची वाट बघतो. आणि हे माळावरच्या विहिरीचं पाणी होतं, थंडगार आणि गोड. बाबांनी तांब्या रिकामा केला.

मामा समोर उभे होते. एवढ्या वर्षांत ज्या एका वाक्यासाठी ते थांबले असतील, ते आता बोलायचीही गरज उरली नव्हती. त्यांनी नुसता हात पुढे केला. “आणखी भरू?”

“भर,” बाबा म्हणाले. एवढंच.

म्हणून कोणी असं समजू नये की बाबा विरघळले. शेतात हुरडा केला तेव्हा गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजताना बघून ते म्हणाले, “शेनात भाजलेलं खायाचं?” मामा म्हणाले, “तुमी सुकट काय देवघरात वाळवताय?” बाबांनी हुरडा खाल्ला. नंतर आणखी खाल्ला. दत्ताच्या आईने केलेला मटणाचा रस्सा प्यायल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते ‘तिखट’ हा शब्द काही बोलले नाहीत. सकाळी मी उठले तर बाबा अंगणात नव्हते. शेताच्या बांधावर उभे होते, बोट ओलं करून वारा बघत. तिथल्या एका म्हाताऱ्याला म्हणाले, दुपारनंतर वारा फिरेल. फिरला. त्या म्हाताऱ्याने मग बाबांना सोडलंच नाही, आपल्या खळ्यावर नेऊन बसवलं आणि मळणीच्या दिवसांत वारा कसा बघायचा यावर दोघं दुपारपर्यंत बोलत बसले. एकाची भाषा दुसऱ्याला अर्धी कळत होती.

राजोडीला परत आल्यावर शेजारपाजारचे जमले. “कसा हाय घाट?”

बाबांनी स्वेटर काढून दांडीवर टाकला. मग म्हणाले, “वारा बरा हाय तिथला.”

मला वाटलं, झालं. पण बाबा ते बाबाच. “मी माळ बघून आलो. आता त्यानं दर्या बघूदे. त्याशिवाय साखरपुडा नाय. रविवारी भरतीला यायला सांग.”

मी सांगितलं. त्या रविवारी भरती सकाळी दहाच्या सुमारास होती, तेही सांगितलं. मामा म्हणाले, “रविवारी सकाळी मटण आणायचं असतंय. जेवून येतो.”

“मामा, तोपर्यंत ओहोटी लागेल.”

“समुद्र काय पळून जातोय व्हय? वीस वर्सं हितंच हाय म्हणताय ना?”

मी पुष्कळ समजावलं. पण ज्या माणसाने समुद्राचा फोटोसुद्धा पाहिला नाही त्याला हे कसं पटावं, की तो रोज दोनदा निघून जातो? आमच्याकडे भेटीची वेळ भरतीवर ठरते, त्यांच्याकडे जेवणावर.

सकाळी दहाला अख्खी आळी ओटीवर आणि वाळूत जमली होती. घाटी दर्या बघणार होता ना! पाणी अगदी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. अकरा झाले, बारा झाले. बाबांनी सदऱ्याच्या बाह्या दोनदा दुमडल्या, दोनदा सोडल्या. पाणी मागे सरायला लागलं. लोक जेवायला गेले.

मामा उगवले तीनच्या पुढे. टॉवेल डोक्यावर नव्हता. खांद्यावर होता. ओटीसमोर थांबले, पायातल्या वहाणा काढल्या आणि कोणाशी काही न बोलता वाळूतून सरळ पश्चिमेकडे चालायला लागले. मागे बाबा आणि दत्ता, त्यांच्या मागे मी चहा घेऊन, आणि आमच्या मागे दुपारची झोप अर्धी टाकून आलेली आळी. मामा ओल्या वाळूत बरेच आत गेले. मग उभे राहिले. समोर चिखल, डबकी, चिखलात कलंडलेली एक होडी आणि कुठे तरी लांब एक पांढरी रेघ.

मामांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. मग बाबांकडे वळून म्हणाले, “ह्येच का? हा तर माजाच माळ हाय.”

मागे कोणी तरी खुदकन हसलं. बाबा हसले नाहीत. “भरतीला बोलावलं होतं. उद्या सकाळी या.”

“मी पाणी बघतो म्हणलं हुतं. दोनदा बघतो असं न्हाई.”

दोघंही अशी माणसं, की बोललेला शब्द परत घेण्यापेक्षा माझं लग्न मोडलेलं त्यांना चाललं असतं. मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी टॉवेल अंथरला आणि त्या ओल्या वाळूतच बसकण मारली, पश्चिमेकडे तोंड करून.

“मी एवढ्या लांबनं आलोय,” ते म्हणाले. “आता त्यानं चार पावलं यावं.”

बाबांनी एकदा पाण्याच्या रेघेकडे बघितलं. मग धुतलेल्या सदऱ्यासकट त्यांच्या शेजारी बसले. मी चहा दिला. कोणी ‘छान झालाय’ म्हणालं नाही.

किती तरी वेळ ते तसेच बसून होते. मी मागे उभी होते म्हणून मला ऐकू आलं. खोलीची ती गोष्ट बाबांना मंगळवेढ्यात दत्ताच्या आईने सांगितली होती. बाबांनी विचारलं, “ती खोली... तुमाला नाय बोलला, तो मीच होतो काय? तवा माज्याकडं लय जन यायचे. मी सगल्यांना नाय बोलायचो.”

मामांनी समोर बघतच विचारलं, “आठवत न्हाई तुमास्नी?”

“नाय.”

“मग तुमीच.”

बाबांनी मान हलवली. असं उत्तर मी दिलं असतं तर माझं काय झालं असतं ते मला माहीत आहे. पण बाबा फक्त वाळूत बोटाने रेघा मारत राहिले. मग म्हणाले, “बाजूची खोली मोकली हाय आता. घ्या.”

“नगं. तिचं तोंड घाटाकडं न्हाई.”

भरती लागली होती. ती रेघ जवळ आली, मग तिच्या लाटा दिसायला लागल्या, आणि सूर्य खाली उतरता उतरता पहिलं पाणी मामांच्या पायांना लागलं. माणूस पाय आखडून घेतो ना पटकन? मामांनी घेतले नाहीत. दुसरी लाट मांडीपर्यंत आली.

“उठा, भिजाल,” बाबा म्हणाले.

“तुमी उठा आधी.”

“मी कशाला उठू? माजा दर्या हाय.”

“मग मी तर पाव्हणा हाय. पाव्हण्याला उठीवताय?”

चहाचे कप वाहून गेले. टॉवेल वाहून गेला, तो दत्ताने धावत जाऊन पकडला. पाणी दोघांच्या कमरेपर्यंत आलं तरी दोघंही समोर बघत ढिम्म बसलेले, आणि किनाऱ्यावरची आळी पोट धरून हसत होती. मी मात्र हसत नव्हते. मी दोघांकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, रागाचं की कशाचं ते मलाही सांगता येणार नाही. शेवटी आई साडी खोचून पाण्यात उतरली.

“बुडा मेल्यांनो, दोघंपन बुडा!” ती ओरडली. “मी एकटी लावते पोरीचं लगीन!”

तेव्हा दोघं उठले. एकदम. एकट्याने उठता येण्यासारखं नव्हतंच, पाय बधिर झाले होते, म्हणून एकमेकांच्या खांद्याला धरून. तसेच, निथळत, बाबांनी विचारलं, “साखरपुडा कंदी धरू?”

“कवा बी धरा,” मामा म्हणाले. “पण सकाळी नगं. सकाळी मटण आणायचं असतंय.”

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये मी विचारलं, “मामा, कसा वाटला समुद्र?” ते ताडपत्रीची दोरी आवळत होते. “चालंल,” म्हणाले. “पण लई हालतोय. एका जागी बसत न्हाई. भरवशाचा न्हाई.” खुर्ची त्यांनी शेवटपर्यंत पूर्वेकडेच ठेवली.

आता ते निवृत्त होऊन गावी असतात. दत्ता सांगतो, तिथे पारावर कोणी म्हणालं की कोकणातली माणसं आळशी, दर्यावरची माणसं अशी आणि तशी, तर मामा त्याला तिथल्या तिथे अडवतात. “तू बगितलाय का समुद्र? न्हाई ना? बघून ये, मग बोल.” भाताला अजून आजाऱ्याचं जेवणच म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या जागेवर साहेबांनी मला बसवलं. पहिल्याच दिवशी शिपायाने ती पाटी काढून कपाटात टाकायला घेतली होती. मी त्याच्या हातातून घेतली, पुसली आणि परत होती तिथे ठेवली. परवा एक टेम्पोवाला आला, अर्नाळ्याकडचा, माझ्या माहेरच्या ओळखीतला. त्याने पाटी वाचली, मला बघितलं, परत पाटी वाचली.

“ताई, तू तर राजोडीची ना? मग घाटी कोन?”

“मी,” मी म्हटलं. “चौकशी काय आहे ते बोल.”